वरच्याचं पोट

माझा धाकटा भाऊ टॉवर क्रेन चालवतो. उंच इमारत उठत असली की तिच्या शेजारी लोखंडी सांगाड्याचा एक खांब उभा असतो, त्याच्या डोक्यावर लांबलचक आडवा हात असतो, आणि त्या हाताच्या बगलेत काचेची एक खोली असते. आमच्या न्हाणीघरापेक्षा लहान. तिथे तो बसतो. सकाळी शिडीने चढतो, दुपारी जेवायला उतरतो, जेवून पुन्हा चढतो. साइटवर त्याला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे 'वरचे' म्हणतात. नव्या मजुराला कुणी सांगितलं की आता सगळं वरच्याच्या हातात आहे, तर तो बिचारा डोळे मिटून हात जोडतो. मग त्याला बोट करून क्रेन दाखवावी लागते.

वरच्याला एक 'खालचा' असतो. माल जिथे उतरायचा तिथे तो उभा राहतो आणि वॉकी-टॉकीवरून बोलत राहतो: डावीकडे, अजून थोडं, हळू, हळू, बस. कित्येकदा माल भिंतीपलीकडे उतरत असतो आणि माझ्या भावाला वरून काडीचंही दिसत नाही. तो फक्त ऐकतो आणि हात हलवतो. मी एकदा त्याला म्हटलं, 'तुला भीती नाही वाटत? न बघता एवढं ओझं सोडतोस ते?' तो म्हणाला, 'खालचा बघतोय की.' त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

मी कपडे आल्टर करते. भाऊ आणि भावजय राहतात त्याच इमारतीत तळमजल्याला माझी खोली, खिडकीशी मशीन. लोक मला सुखदुःखं सांगत नाहीत, मला ती कमरेच्या मापातून कळतात. लग्न ठरलेली मुलगी कंबर आत घ्यायला येते, लग्न झालेली सैल करायला. माझ्या भावाचं पोट बिघडलंय हेही मला त्याच्या पँटवरूनच कळलं. आधी एकदा कंबर आत घेतली. मग परत घेतली. तिसऱ्यांदा तो पँट घेऊन आला तेव्हा मी टेप गळ्यात टाकली आणि विचारलं, 'अरे, तू जेवतोस की नुसता ताटावर बसतोस?'

'ताई, कंबर घे. आणि बटण काढून इलॅस्टिक घाल.'

'इलॅस्टिक? दुधाचे दात पडलेत ना तुझे?'

'बटणाला वेळ लागतो,' तो म्हणाला.

मग मात्र मी मशीनवरून उठले आणि त्याला खुर्चीत बसवून सगळं वदवून घेतलं. पोटात कळ यायची ती सांगून यायची नाही. कधी दिवसातून चार वेळा पळापळ, कधी तीन दिवस काहीच नाही आणि पोट ढोलासारखं. वर्ष होत आलं होतं. रक्त तपासून झालं होतं, दुर्बीण घालून आतडं आतून बघून झालं होतं. सगळं नॉर्मल. आमच्या घरात नॉर्मल रिपोर्टचा मोठा धाक आहे. काही निघालं तर माणूस आजारी ठरतो, काहीच निघालं नाही तर ढोंगी. डॉक्टरीणबाई मात्र भल्या. त्या म्हणाल्या, याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात, आतडं धडधाकट आहे, फक्त फार लवकर चिडतं, आणि दुखतं ते खरंच दुखतं. चिडकी माणसं आमच्या घराण्यात पुष्कळ होऊन गेली, त्यांतली एक मी. चिडकं आतडं मात्र पहिलंच.

दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे झाकून गेलं असतं. कारकून उठून जातो, दुकानदार शटर अर्धं ओढतो. क्रेनवर संडास नसतो. एक बाटली असते, पण हा प्रश्न बाटलीने भागणारा नव्हता. खाली उतरायचं तर आधी हुकाला असलेला माल नीट टेकवायचा, मग शिडीने एकेक टप्पा उतरायचं, तेही जिवावर बेतलेलं असताना सावकाश, कारण शिडीवर घाई केली तर पोटाचा प्रश्न कायमचाच मिटतो. आणि हे सगळं चारचौघांसमोर. क्रेन थांबली की साइट थांबते, साइट थांबली की माणसं माना वर करतात. माझ्या भावाला संडासला लागली आहे ही बातमी रोज दोनशे माणसांना एकाच वेळी कळायची.

म्हणून त्याने सोपा उपाय काढला होता. खायचंच नाही. सकाळी उपाशी चढायचं, दुपारी दोन घास, संध्याकाळी घरी आल्यावर काय ते. पोट त्यानेही चिडायचं, वर चक्कर यायला लागली ती वेगळी. त्याला वाटत होतं आपण पोटाला फसवतोय.

मग एकदा काँक्रीटची भरलेली बादली हुकाला असताना कळ आली. त्याने बादली खाली टेकवली, उतरला, जाऊन आला, पुन्हा चढला. तोवर बादलीतलं काँक्रीट आळायला लागलं होतं. ते फेकून द्यावं लागलं. साइट इंजिनियर तसा सरळ माणूस, त्याने आरडाओरडा केला नाही. तो म्हणाला, 'वरचे, महिन्याभराने छतावर एअर कंडिशनिंगची मोठी यंत्रं चढवायची आहेत. रस्ता बंद करून, पोलिस उभे करून. त्या दिवशी तुम्ही मधेच उतरलात तर मला चालणार नाही. तोवर ठीक झालात तर तुम्हीच चढा. नाहीतर दुसरा माणूस आणतो आणि तुम्हाला गोदामात घेतो. कायमचं.'

गोदामात काम वाईट नसतं. सावली असते, संडासही जवळ असतो. पण माझ्या भावाचा हात मी पाहिलाय. विटांची थप्पी तो अशी टेकवतो की खालच्या माणसाला आवाजावरून कळत नाही, टेकली की नाही. जमिनीवर तो अगदीच साधा माणूस आहे, दार उघडताना हँडल कुठल्या बाजूला फिरवायचं इथपासून गोंधळ. वर गेला की त्याच्यासारखा तोच. मला त्याचा फार अभिमान वाटतो. हे त्याला कधी बोलून दाखवलेलं नाही, कारण तो डोक्यावर बसेल, आणि आधीच तो पुरेसा वर बसतो.

तर डॉक्टरीणबाईंनी प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या. 'यात जिवंत जंतू असतात, चांगले. आतड्यात जाऊन राहतात,' त्या म्हणाल्या. 'काहींना बरं वाटतं, काहींना काहीच होत नाही. तुम्ही कुणात मोडता ते घेतल्याशिवाय कळणार नाही. महिनाभर रोज घ्या. फरक पडला तर ठीक, नाहीतर बंद. आणि उपाशी चढणं सोडा. सकाळी काहीतरी खाऊनच निघायचं.'

आता माझी भावजय. ती हॉस्पिटलात नोकरी करते, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या विभागात. चिमटे, कात्र्या, सुऱ्या तिच्याकडे रक्ताने माखून येतात आणि वाफेच्या मोठ्या यंत्रातून शुद्ध होऊन परत जातात. हे काम ती लग्नाच्या आधीपासून करते आणि घरी येताना ते तिथे ठेवून येत नाही. तिच्या घरात चमचे उकळलेले असतात. बाळाच्या बाटल्या उकळतात तसं ती पाहुण्यांचे पेले उकळते. तिला बाळ नाही, त्यामुळे सगळं पाहुण्यांवर निघतं. मी वर जाते तेव्हा दारातच हात धुते, नाहीतर ती माझ्या हातांकडे बघत राहते आणि मला ते दुसऱ्याच कुणाचे आहेत असं वाटायला लागतं.

या बाईला नवऱ्याने पुड्यांचा डबा दाखवला.

'जिवंत?' ती म्हणाली.

'हो.'

'किती?'

'कोट्यवधी आहेत म्हणे. एकेका पुडीत.'

'अहो, मी जन्मभर ज्यांच्या मागे हात धुऊन लागले, ते तुम्ही घरात घेऊन आलात?'

'हे चांगले आहेत.'

'सगळे असंच म्हणतात.' पण तिने डबा हातातून घेतला. फ्रिजचा एक कोपरा आधी पुसला, मग त्यात डबा ठेवला, इतर कशाला लागणार नाही असा. नवऱ्याची नोकरी टांगणीला लागली होती, तिने तत्त्वाला मुरड घातली. 'मात्र करून मी देणार,' ती म्हणाली. 'तुमचा हात स्वच्छ नाही.'

तिथून रोज सकाळी एकच शिस्त. ती हॉस्पिटलातून रात्रपाळी करून यायची, तो निघायच्या बेतात असायचा. एरवी दोघं दारात एकमेकांना ओलांडायची, किल्ली हातात देऊन. आता ती पर्स ठेवायची, हात कोपरापर्यंत धुवायची, पेला करून त्याच्यासमोर ठेवायची आणि तो पिऊन संपेपर्यंत समोर बसून राहायची. जोडीला उकडलेलं अंडं आणि पाव. तेही संपेपर्यंत. तिची नजर चुकवून अंडं टाकून देणं शक्य नसतं, मी प्रयत्न करून पाहिला आहे.

दुसरा आठवडा सरता सरता तो दिवसाकाठी एकदाच उतरायला लागला, तोही जेवायच्या सुट्टीत. तिसऱ्यात पोटाचा ढोल बसला. महिना भरत आला तेव्हा पँट घेऊन आला. 'ताई, इलॅस्टिक जरा सैल कर. काचतंय.' मी उसवता उसवता शीळ घातली, जी मी एरवी घालत नाही. साइट इंजिनियरने त्याला सांगून टाकलं: वरचे, यंत्रं तुम्हीच चढवा.

उसवून शिवलेली ती पँट द्यायला मी सकाळी वर गेले. भाऊ अंघोळीला गेला होता. भावजय ओट्याशी उभी. तिने पेला उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढला, चमचा काढला, पुडी फाडली, पावडर पेल्यात टाकली. मग किटली उचलली आणि पावडरीवर खळखळतं पाणी ओतलं. वाफ वर आली. तिने पेल्यावर बशी झाकली आणि मला म्हणाली, 'निवेपर्यंत बसा.'

मी बसले. मग म्हटलं, 'अगं, यातले ते जिवंत असतात ना?'

'हो. कोट्यवधी.'

'आणि पाणी उकळतं होतं ना?'

'उकळल्याशिवाय मी कुणाला पाणी—' एवढं बोलून ती थांबली.

तिने बशी उचलून आत पाहिलं. काय दिसणार होतं? पांढरं पाणी.

'रोज?' मी विचारलं.

'रोज,' ती म्हणाली. 'ताई, डोक्याला माहीत होतं हे जिवंत आहेत. हातांना फक्त जंतू आहेत एवढंच माहीत होतं.'

मी हसू दाबलं. तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. तेवढ्यात भाऊ केस पुसत आला, पेला घेतला, अंडं खाल्लं, 'आज बरं वाटतंय' म्हणाला आणि गेला. आम्ही दोघी तोंडाला कुलूप लावून बसलो.

तो गेल्यावर मी म्हटलं, 'हे बघ, यंत्रं चढेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. तो बरा आहे ना? मग कशाला काडी टाकायची? त्याला कळलं की त्याचं आतडं परत चिडेल, आणि ते रस्ता बंद करून चिडेल.'

'सांगावं लागेल.'

'का पण?'

'आमच्याकडे हत्यारांचा ट्रे नीट शुद्ध न होता गेला असं लक्षात आलं, तर लगेच फोन करायचा असतो. ऑपरेशन चालू असलं तरी. पेशंट टेबलावर असला तरी. उद्या सांगू असं नसतं.'

'हा ट्रे नाही, माझा भाऊ आहे.'

'माझा नवरा आहे,' ती म्हणाली. 'आणि त्याच्या हातात गेलेली वस्तू मी दिली होती.'

आम्ही आवाज चढवून भांडलो. अखेर दोघींनी मिळून डॉक्टरीणबाईंना गाठलं, मला वाटलं त्या माझ्या बाजूने बोलतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'उकळत्या पाण्यात?' त्या म्हणाल्या. 'मग फारसं कुणी वाचलं नसणार.' 'या आजारात नुसत्या भरवशानेही पुष्कळांना बरं वाटतं. वाटतं म्हणजे खोटं नव्हे, खरंच दुखायचं थांबतं. शिवाय आता ते खाऊन चढतात. शिवाय हे दुखणं आपलं आपणही चढतं-उतरतं. यातल्या कशाने गुण आला ते मला सांगता येणार नाही. आणि जिवंत दिले असते तर जास्त आला असता का, तेही नाही.'

'त्याला सांगायचं का?' मी विचारलं.

'ते तुमचं घर आहे,' त्या म्हणाल्या. शिकलेली माणसं नेमकी इथे अंग काढून घेतात.

यंत्रं चढवायच्या दिवशी सकाळी मी आगंतुकासारखी वर जाऊन बसले होते, भावजयीला डोळ्यांनी धाक घालायला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. त्याच्यासमोर पेला ठेवला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, 'अहो, मी हे पहिल्या दिवसापासून उकळत्या पाण्यात देत होते. आतले सगळे मेलेले होते. मला परवा कळलं.'

भावाने पेल्याकडे पाहिलं. 'सगळे?'

'सगळे.'

'आजचेसुद्धा?'

'आजचे नाहीत. आज कोमट पाणी घातलंय. पण आज नवीन काही नको असेल तर राहू दे.'

तो विचार करत होता. माझा भाऊ विचार करतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीही होत नाही, ते फार त्रासदायक असतं. मग तो म्हणाला, 'आज उकळूनच दे. आज नव्या माणसांबरोबर काम नको.' तिने उठून किटली ठेवली. तो थांबला. निवल्यावर प्याला, अंडं खाल्लं, इलॅस्टिकची पँट सारखी केली आणि निघून गेला.

आम्ही दोघी साइटवर गेलो. रस्ता दोरी लावून बंद केला होता, बघ्यांची गर्दी होती. पहिलं यंत्र चढलं. दुसरं चढलं. तिसरं सगळ्यात मोठं, एका खोलीएवढं, आणि ते लिफ्टच्या खोलीमागच्या अरुंद पट्टीत उतरवायचं होतं. तिथलं वरून काही दिसत नाही. यंत्र उचललं गेलं, छताच्या वर आलं, वळलं, आणि थांबलं.

नुसतं थांबलं. हवेत लोंबत. आधी कुणाला काही वाटलं नाही. मग शेजारचा एक जण म्हणाला, 'वरच्याला लागली वाटतं,' आणि चार माणसं हसली. त्या माणसाला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. सगळ्या माना शिडीकडे वळल्या. मीही शिडीकडेच बघत होते. माल हवेत सोडून तो उतरू शकत नाही, हे मला माहीत होतं, आणि उतरल्याशिवाय राहू शकला नाही तर काय, हेही. भावजयीने माझा हात धरला. न धुतलेला. 'मी सांगायला नको होतं,' ती म्हणाली. मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

शिडीवर कुणी आलं नाही. बऱ्याच वेळाने यंत्र हललं, लिफ्टच्या खोलीमागे गेलं आणि हळूहळू दिसेनासं झालं. आवाज आला नाही. मग छतावरून कुणीतरी हात हलवला आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. माझी भावजय रस्त्याच्या कडेला, धुळीने भरलेल्या फुटपाथवर, काही न पुसता बसली.

काय झालं होतं ते खालच्याने सांगितलं. तो खाली आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने चिंब होता. यंत्र त्याच्या डोक्यावर आलं तशी त्याची पाचावर धारण बसली. पट्टी अरुंद, मागे भिंत, पुढे माणसं, आणि अचानक त्याला डावं-उजवं कळेना. तो वॉकी-टॉकीवर म्हणाला, 'वरचे, थांबा. मला सुधरत नाहीये.' माझ्या भावाने माल जागच्या जागी धरला. वाऱ्यात, एवढं ओझं. आणि म्हणाला, 'सावकाश. पाणी पी. तुला दिसायला लागलं की सांग. मला घाई नाही.'

हे ऐकून भावजय रडली. मीही रडले असते, पण मी रस्त्यात रडत नाही.

पुढे त्याने महिनाभर त्या पुड्या कोमट पाण्यात, रीतसर जिवंत घेतल्या. पहिले काही दिवस पोटातून असे आवाज यायचे की मला खालच्या मजल्यावर वाटायचं वर फर्निचर सरकवतायत. मग ते थांबलं. आधीपेक्षा बरं वाटलं का, तर तसं नाही. वाईट वाटलं का, तर तेही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग बंद करा. पावडर बंद झाली. पेला चालू आहे, नुसत्या गरम पाण्याचा, आणि अंडं चालू आहे, आणि ती समोर बसते ते चालू आहे. पोट अजूनही अधूनमधून चिडतं. तेव्हा तो माल टेकवतो आणि उतरतो, आणि साइट माना वर करून बघते, आणि त्याला आता त्याचं फारसं काही वाटत नाही.

परवा संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि कामाची पँट मशीनवर टाकली. मला वाटलं शिवण उसवली असेल.

'काय करायचंय?'

'इलॅस्टिक काढ,' तो म्हणाला. 'बटण लाव.'

मी डब्यातलं सगळ्यात मोठं बटण शोधलं आणि दुहेरी दोऱ्याने पक्कं लावून दिलं.